पक्ष काढायचा आहे? आधी कागद, मग मेळावा

निवडणुकांचे वारे वाहू लागले की वाचकांकडून ठरावीक प्रश्न येऊ लागतात. ‘पाच हजार लोकांच्या सह्या जमवल्या आहेत, आता पक्षाची नोंदणी कुठे करायची?’ ‘आमची संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, तिचाच पक्ष करता येईल का?’ ‘मागच्या महाराष्ट्र दिनी पक्षाची घोषणा केली, अजून चिन्ह का मिळालं नाही?’ प्रश्न विचारणाऱ्यांत तरुण कार्यकर्ते असतात, निवृत्त शिक्षक असतात, एखाद्या धरणग्रस्त समितीचे पदाधिकारी असतात. तळमळ खरी असते, पण बहुतेकांनी कामाचा क्रम उलटा लावलेला असतो. हॉल बुक होतो, झेंडा शिवून येतो, पत्रकार परिषद होते आणि मग कोणीतरी विचारतं, ‘कायद्यानं काय काय लागतं?’ तोवर कायद्याचं घड्याळ सुरू झालेलं असतं.

भारतात राजकीय पक्षाची नोंदणी होते ती लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम २९-अ खाली, दिल्लीतल्या भारत निवडणूक आयोगाकडे. हे कलम १९८९ पासून लागू आहे. त्यात काय मागितलं आहे, आयोगाची मार्गदर्शक तत्त्वं त्यात कशाची भर घालतात आणि माणसं नेमकी कुठे अडकतात, ते पाहू.

आधी हे ठरवा: पक्ष हवाच आहे का?

बरेच जण पक्ष काढायला निघतात, पण त्यांना हवं असतं वेगळंच. म्हणून आपण खालीलपैकी कुठे बसता ते तपासा.

- एखाद्या मतदारसंघातून एकट्यानंच उभं राहायचं आहे. पक्षाची गरज नाही, अपक्ष उभे राहा. मतदारसंघातले दहा मतदार सूचक म्हणून लागतील. नव्यानं नोंदलेल्या पक्षाच्या उमेदवारालाही तेवढेच दहा लागतात. एका सूचकावर काम भागतं ते फक्त मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराचं.
- ग्रामपंचायत लढवायची आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत. गावात पॅनेल करा आणि कामाला लागा.
- नगरपालिका, महापालिका किंवा जिल्हा परिषद लढवायची आहे. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तो दिल्लीच्या आयोगापासून स्वतंत्र आहे आणि त्याची नोंदणीही वेगळी आहे. त्याविषयी पुढे येईल.
- एखादा प्रश्न धसास लावायचा आहे. ऊसदर, पाणी, पेन्शन, आरक्षण अशा प्रश्नांवर संघटनाच जास्त उपयोगी पडते. शेतकरी संघटनेनं आधी रस्त्यावर ताकद दाखवली, पक्षाचा प्रयोग नंतर झाला.
- आपण आधीच आमदार, खासदार किंवा नगरसेवक आहात. मग एक पाऊलही वकिलाला विचारल्याशिवाय टाकू नका. दुसऱ्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्या आमदारानं नवा पक्ष काढला, तर त्यानं मूळ पक्ष स्वेच्छेनं सोडला असं धरलं जाऊ शकतं. अपक्ष आमदाराची स्थिती आणखी नाजूक आहे. निवडून आल्यानंतर तो कोणत्याही पक्षात गेला तर संविधानाच्या दहाव्या अनुसूचीनुसार अपात्र ठरतो आणि त्यानं स्वतः काढलेला पक्षही या ‘कोणत्याही’मध्ये येतो. नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यांसाठी महाराष्ट्रात १९८६ चा स्वतंत्र अपात्रता कायदा आहे.

धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी पक्षनोंदणीच्या कामी येत नाही. उलट सार्वजनिक न्यासाचा पैसा आणि जागा राजकारणाला वापरली, तर न्यासच अडचणीत येतो. संस्था संस्थेच्या जागी ठेवा. पक्षाचं खातं, पत्ता आणि हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळे असू द्या.

हजारो सह्या लागत नाहीत

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत नव्या पक्षाला मतपत्रिकेवर जागा मिळवण्यासाठी ठरावीक संख्येच्या मतदारांच्या सह्यांची याचिका दाखल करावी लागते. तिकडच्या बातम्या वाचून असेल किंवा आपल्याकडच्या निवेदनांच्या सवयीनं असेल, पण इथेही तसंच असतं असा समज पक्का झालेला दिसतो. आपल्या कायद्यात अशी याचिका नाही. आयोगाला किमान १०० सदस्य लागतात, पण प्रत्येकाचं प्रतिज्ञापत्र आणि मतदार यादीतल्या नोंदीचा प्रमाणित उतारा त्याला हवा असतो. पाच हजार सह्यांचं बाड दिल्लीला पाठवून काही उपयोग नाही. ते जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनासाठी ठेवा.

तीस दिवसांचं घड्याळ

सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकत असावेत असं मला वाटतं. पक्षाची स्थापना ज्या दिवशी झाली, त्या दिवसापासून ३० दिवसांच्या आत अर्ज आयोगाकडे पोहोचला पाहिजे. स्थापना म्हणजे संस्थापक सभेत ठराव झाला तो दिवस. त्यानंतर आलेला अर्ज मुदतबाह्य ठरतो.

आता हिशेब करा. शंभर माणसांची प्रतिज्ञापत्रं करायची आहेत. तहसील कचेरीतून मतदार यादीचे उतारे काढायचे आहेत. घटना लिहून तिच्या प्रत्येक पानावर सही-शिक्का करायचा आहे. कार्यालयाच्या जागेचं ना-हरकत पत्र मिळवायचं आहे. १४ एप्रिलला किंवा १ मेला दणक्यात घोषणा करून हे सगळं सुरू केलंत, तर सुट्ट्या, लग्नसराई आणि नोटरीच्या तारखा यांतच महिना निघून जातो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी दोन-तीन महिने कागद जमवा. घटनेचा मसुदा पक्का करा. शंभर नावं यादीशी ताडून घ्या. हे सगळं तयार झालं की संस्थापक सभा बोलवा. त्या सभेत पक्षस्थापनेचा ठराव, घटनेला मंजुरी आणि पदाधिकाऱ्यांची निवड अशा तिन्ही गोष्टी करा आणि इतिवृत्तावर उपस्थितांच्या सह्या घ्या. प्रतिज्ञापत्रं त्यानंतरच्या आठवड्यात होऊ द्या, कारण पक्ष अस्तित्वात येण्याआधीच्या तारखेला कोणी त्याचा सदस्य असू शकत नाही. मोठा मेळावा अर्ज रवाना झाल्यावर घ्या. कार्यकर्त्यांना हे पटवणं जड जातं, कारण उत्साह मेळाव्यात असतो आणि अर्जात नसतो. तरीही ऐकू नका.

घोषणा आधीच होऊन महिना उलटला असेल तर? जुनी तारीख बदलून इतिवृत्त पुन्हा लिहायच्या फंदात पडू नका. घोषणेची बातमी आणि समाजमाध्यमांवरचे फोटो कोणालाही सापडतात. शिवाय खोट्या आधारावर मिळवलेली नोंदणी काढून घेण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयानं आयोगाला दिलेली आहे. रीतसर नवी संस्थापक सभा घ्या, आधी झालं ते पूर्वतयारीचं आवाहन होतं असं तिच्या ठरावात स्पष्ट नोंदवा आणि तिथून दिवस मोजा.

शंभर माणसं, पण कोणती?

आकडा लहान वाटतो, पण एकेक नाव तपासायला बसलात की गळती कळते. या शंभरात सगळे पदाधिकारी आणि मुख्य निर्णय घेणाऱ्या समितीचे सदस्य धरावे लागतात. प्रत्येक जण नोंदणीकृत मतदार हवा आणि दुसऱ्या कोणत्याही नोंदणीकृत पक्षाचा सदस्य नको. खरी अडचण या दुसऱ्या अटीची आहे. मिस्ड कॉल देऊन किंवा ऑनलाइन अर्ज भरून एखाद्या पक्षाचं सदस्यत्व घेतल्याचं पुष्कळांना आठवतही नाही. प्रत्येकाला स्पष्ट विचारा. जुनं सदस्यत्व असेल तर लेखी राजीनामा देऊन त्याची पोच जपून ठेवायला सांगा.

खालील मंडळींच्या बाबतीत घाई करू नका:

- सरकारी कर्मचारी. सेवा-वर्तणूक नियमांनुसार त्यांना पक्षाचं सदस्य होता येत नाही. ‘नावापुरता राहतो’ म्हणणाऱ्या मित्राची नोकरी धोक्यात घालू नका.
- परदेशी नागरिकत्व घेतलेले मराठी बांधव. ओसीआय कार्ड असलं तरी मतदार यादीत नाव येत नाही, त्यामुळे शंभरात ते बसत नाहीत. भारतीय पासपोर्ट टिकवून परदेशात राहणारे मात्र अनिवासी मतदार म्हणून नाव नोंदवू शकतात.
- नाव-पत्त्यात तफावत असलेले मतदार. लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांची नावं यादीत बहुधा माहेरच्या नावानं असतात. प्रतिज्ञापत्रातलं नाव यादीतल्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. दुरुस्ती आधी करून घ्या.

शंभरच्या ऐवजी १२०-१२५ जणांचे कागद करा. छाननीत पाच-सहा बाद झाले तरी अर्ज उभा राहतो.

घटना: नक्कल करा, पण डोळे उघडे ठेवून

दुसऱ्या पक्षाची घटना उतरवून काढण्याची पद्धत सर्रास आहे आणि त्यात गैरही काही नाही. फक्त उतरवताना जुन्या पक्षाचं नाव एखाद्या कलमात तसंच राहून गेलं की हसं होतं. काही तरतुदी मात्र घटनेत असायलाच हव्यात.

पहिली आणि अटळ तरतूद कलम २९-अ (५) ची. कायद्यानं स्थापित झालेल्या भारतीय संविधानावर आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांवर पक्षाची खरी श्रद्धा आणि निष्ठा राहील, तसंच भारताचं सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता पक्ष राखेल, असं घटनेत लिहावं लागतं. इथे आपले शब्द वापरू नका. अधिनियमातलं वाक्य जसंच्या तसं घ्या. ‘समाजवाद आम्हाला मान्य नाही, तो शब्द गाळला तर?’ असंही विचारलं जातं. नोंदणी होणार नाही. स्वतंत्र पक्षाच्या महाराष्ट्र शाखेनं याच अटीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. खुल्या अर्थव्यवस्थेचा पुरस्कार करणाऱ्या पक्षाला समाजवादाची शपथ घ्यायला लावणं मलाही विचित्र वाटतं. पण अट कायद्यात आहे तोवर तिच्याशी भांडण्याची जागा न्यायालय आहे, आपला अर्ज नाही.

याशिवाय आयोगाला घटनेत दिसायला हव्यात अशा गोष्टी:

- पदाधिकाऱ्यांच्या नियमित अंतर्गत निवडणुका. दोन निवडणुकांत पाच वर्षांहून जास्त अंतर नको. ‘संस्थापक अध्यक्ष तहहयात’ हे कलम आपल्याकडे फार लाडकं आहे, ते काढून टाका.
- नोंदणीनंतर पाच वर्षांच्या आत आयोगानं घेतलेली निवडणूक लढवण्याची आणि पुढेही लढवत राहण्याची हमी.
- हिंसाचाराला चिथावणी देणार नाही आणि त्यात भाग घेणार नाही अशी हमी.
- निधी फक्त राजकीय कामासाठी वापरण्याची आणि दरवर्षी लेखापरीक्षण करून घेण्याची तरतूद.
- घटनादुरुस्ती, विलीनीकरण आणि विसर्जन यांची पद्धत.

मूळ घटना मराठीत लिहिलीत तरी इंग्रजी किंवा हिंदी प्रत सोबत जोडा. कागद दिल्लीत वाचला जाणार आहे.

नाव ठरवताना

आयोगाच्या संकेतस्थळावर नोंदलेल्या पक्षांची यादी आहे. ती आधी चाळा. ‘सेना’, ‘काँग्रेस’, ‘रिपब्लिकन’, ‘बहुजन’, ‘आघाडी’ हे शब्द इतक्या नावांत येऊन गेले आहेत की नवं नाव जुन्याच्या जवळ जाणारच. नावातल्या साधर्म्यानं मतदाराची दिशाभूल होईल असं दिसलं, तर आयोग नाव बदलायला सांगतो. धर्मवाचक नावाच्या नव्या पक्षांची नोंदणी न करण्याचं आयोगाचं धोरण आहे. तशी नावं असलेले पक्ष दिसतात ते जुने आहेत, त्यांचा दाखला देऊन उपयोग नाही. दोन-तीन पर्यायी नावं संस्थापक सभेतच मंजूर करून ठेवा, म्हणजे बदलासाठी पुन्हा सभा बोलवावी लागणार नाही.

पक्ष फुटला आणि दोन्ही गट मूळ नावावर दावा सांगत असतील, तर तो विषय या लेखाच्या बाहेरचा. २०२२ मध्ये शिवसेनेत आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादीत झालं ते १९६८ च्या निवडणूक चिन्हे आदेशाखालचं भांडण होतं. नव्या पक्षाच्या नोंदणीचा रस्ता वेगळा आहे.

अर्जाच्या पाकिटात काय हवं?

अर्ज पक्षाच्या प्रमुखानं किंवा सचिवानं सही करून निर्वाचन सदन, अशोका रोड, नवी दिल्ली इथे आयोगाच्या सचिवांकडे द्यायचा किंवा रजिस्टर्ड पोस्टानं पाठवायचा. पाठवण्याआधी आयोगाच्या संकेतस्थळावरची ताजी मार्गदर्शक तत्त्वं आणि नमुने उतरवून घ्या. नमुने अधूनमधून बदलतात, त्यामुळे मित्राच्या पेन ड्राइव्हमधला जुना नमुना चालेलच असं नाही.

१. पक्षाचं नाव, मुख्य कार्यालय कोणत्या राज्यात आहे ते, पत्रव्यवहाराचा पत्ता, अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि इतर पदाधिकाऱ्यांची नावं, सदस्यसंख्या आणि प्रकार, स्थानिक शाखा, संसदेत वा विधिमंडळात कोणी सदस्य असल्यास त्याची माहिती.

२. १०,००० रुपयांचा डिमांड ड्राफ्ट. नोंदणी झाली नाही तरी ही रक्कम परत मिळत नाही.

३. घटनेची छापील प्रत, प्रत्येक पानावर सही आणि शिक्का.

४. किमान १०० सदस्यांच्या मतदार यादीतल्या नोंदींचे प्रमाणित उतारे.

५. त्या सदस्यांची वैयक्तिक प्रतिज्ञापत्रं, आणि पक्षाचा कोणीही सदस्य दुसऱ्या नोंदणीकृत पक्षात नाही असं अध्यक्षांचं वा सरचिटणीसांचं स्वतंत्र प्रतिज्ञापत्र. दोन्ही प्रथमवर्ग दंडाधिकारी, शपथ आयुक्त किंवा नोटरीसमोर केलेली.

६. कार्यालयाच्या पत्त्याचा पुरावा. जागा भाड्याची किंवा दुसऱ्याची असेल तर मालकाचं ना-हरकत पत्र.

७. बँक खातं आणि पॅन काढलं असेल तर त्याचा तपशील.

८. आयोगाची तपासणी सूची, भरून.

पाकीट बंद करण्याआधी सगळ्याच्या दोन झेरॉक्स प्रती काढा. एक कार्यालयात ठेवा, दुसरी अध्यक्षांच्या घरी. त्रुटीचं पत्र येतं तेव्हा नेमकं कोणतं पान पाठवलं होतं हे कोणालाच आठवत नसतं. अर्जात दिलेला मोबाइल आणि ईमेल चालू ठेवा. २०२० पासूनच्या अर्जांची प्रगती ऑनलाइन पाहता येते आणि संदेशही येतात. एखाद्या कार्यकर्त्याचा नंबर दिला आणि तो पक्ष सोडून गेला, तर आयोगाचे निरोप त्याच्याच फोनवर पडून राहतात.

जाहीर सूचना आणि हरकती

कागद प्राथमिक छाननीत बरोबर ठरले की आयोग पक्षाचं प्रस्तावित नाव वृत्तपत्रांत प्रसिद्ध करायला सांगतो. दोन राष्ट्रीय आणि दोन स्थानिक दैनिकांत, दोन दिवस. एकूण खर्चात सगळ्यात मोठा आकडा बहुधा या जाहिरातींचाच असतो, त्याची तरतूद आधीच करून ठेवा. प्रसिद्धीनंतर ३० दिवस हरकती मागवल्या जातात. काही विधानसभा निवडणुकांच्या तोंडावर आयोगानं ही मुदत सात दिवसांवर आणली होती, पण त्या भरवशावर राहून चालणार नाही.

हरकत आली म्हणजे अर्ज गेला असं नाही. आपली बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय आयोगाला निर्णय करता येत नाही, हे कायद्यातच आहे. हरकतीची प्रत मागा आणि मुद्देसूद लेखी उत्तर द्या. नोंदणीबाबत आयोगाचा निर्णय अंतिम असतो, त्यावर अपिलाची वेगळी पायरी नाही. तरी उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग खुला राहतो. अर्ज महिनोन्‌महिने पडून असेल तर आयोगाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो.

नोंदणी झाली. आता काय मिळालं?

अपेक्षाभंग होतो तो इथे. नोंदणी झालेला पक्ष ‘नोंदणीकृत अमान्यताप्राप्त’ या वर्गात जातो. त्याला मिळणाऱ्या सवलती मोजक्या आहेत:

- मुक्त चिन्हांच्या वाटपात अपक्षांपेक्षा प्राधान्य.
- उमेदवारांच्या यादीत मान्यताप्राप्त पक्षांनंतर आणि अपक्षांच्या आधी स्थान.
- २० जणांना स्टार प्रचारक म्हणून जाहीर करण्याची मुभा (मान्यताप्राप्त पक्षांना ४०).
- हिशेबाच्या अटी पाळल्या तर देणग्यांवर आयकरात सूट.

राखीव चिन्ह मिळत नाही. आकाशवाणी-दूरदर्शनवरचा मोफत वेळ आणि मतदार याद्यांच्या फुकट प्रतीही मिळत नाहीत. त्या मान्यतेबरोबर येतात आणि मान्यता मतांवर मिळते. राज्य पक्षाचा दर्जा मिळवण्याचा एक मार्ग असा: विधानसभेला राज्यात किमान सहा टक्के वैध मतं आणि दोन आमदार. जागा आल्याच नाहीत, पण आठ टक्के मतं मिळाली, तरी चालतं.

चिन्हाची कहाणी

कार्यकर्त्यांचा जीव चिन्हात असतो, म्हणून हे नीट समजून घ्या. समान चिन्हाची सवलत घेतली नाही, तर आपल्या प्रत्येक उमेदवाराला अर्जात मुक्त चिन्हांतून तीन पसंती द्याव्या लागतात. मग बारामतीत एक आणि दौंडमध्ये दुसरंच चिन्ह असं होऊ शकतं. ते टाळायचं तर १९६८ च्या आदेशातल्या परिच्छेद १०-ब खाली समान चिन्हासाठी अर्ज करा. सभागृहाची मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून तो करता येतो. त्या निवडणुकीत किमान पाच टक्के जागा लढवण्याची तयारी लागते. महाराष्ट्राच्या २८८ जागांत हा आकडा साधारण १५ होतो आणि गोव्याच्या ४० जागांत दोन. मुक्त चिन्हांपैकी दहा पसंतिक्रमानं द्यायची. हवं तर स्वतःची तीन नवी चिन्हंही रेखाटून सुचवता येतात. त्यात पशुपक्षी नकोत, धार्मिक वा जातीय छटा नको आणि दुसऱ्या पक्षाच्या राखीव चिन्हाशी साम्य नको.

ही सवलत कायमची नाही. दुसऱ्यांदा मागताना आधीच्या निवडणुकीत किमान एक टक्का मतं मिळालेली असावी लागतात. लेखापरीक्षित हिशेब, देणग्यांचे अहवाल आणि निवडणूक खर्चाची विवरणं दाखल झालेली असावी लागतात. शिवाय तेच चिन्ह पुन्हा मिळेल याची खात्री नाही. वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवारांनी २०१९ च्या लोकसभेला कपबशी, विधानसभेला गॅस सिलिंडर आणि २०२४ च्या लोकसभेला प्रेशर कुकर घेऊन प्रचार केला. दरवेळी मतदारांना नव्यानं चिन्ह शिकवायचं म्हणजे अर्धा प्रचार त्यातच जातो. म्हणून आपल्या पक्षाची ओळख चिन्हाऐवजी नावावर आणि कामावर उभी करा. झेंड्याचा रंग, पट्टे, मधलं चित्र हा आपला अंतर्गत मामला आहे.

आणि एबी फॉर्म. आपल्याकडे यावरून रात्रभर जागरणं होतात. फॉर्म अ मध्ये, उमेदवारी देण्याचा अधिकार कोणाला आहे ते त्याच्या नमुना सहीसह कळवायचं. फॉर्म ब मध्ये उमेदवाराचं नाव. दोन्हींवर शाईची मूळ सही हवी, सहीचा रबरी शिक्का चालत नाही. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत ते पोहोचले नाहीत, तर आपला माणूस अपक्ष म्हणून मोजला जातो.

पैसा आणि हिशेब

देणग्यांचे नियम पहिल्या रुपयापासून पाळा. रोखीनं एका वेळी २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगी घेतलीत तर आयकरातली सूट धोक्यात येते. एका आर्थिक वर्षात २०,००० रुपयांहून अधिक देणाऱ्या प्रत्येकाचं नाव आयोगाला कळवावं लागतं. सरकारी कंपनीकडून आणि परदेशी स्रोताकडून काहीही घेता येत नाही. न्यू जर्सीतला आपला वर्गमित्र अमेरिकी नागरिक झाला असेल, तर त्याचे शंभर डॉलरही परदेशी स्रोतातले. दुबईत नोकरी करणारा भारतीय नागरिक मात्र परदेशी स्रोत ठरत नाही.

दरवर्षीचा लेखापरीक्षण अहवाल ३१ ऑक्टोबरपर्यंत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे जायला हवा. निवडणूक लढवलीत तर पक्षाच्या खर्चाचं विवरण विधानसभेनंतर ७५ आणि लोकसभेनंतर ९० दिवसांत. उमेदवाराचा हिशेब वेगळा असतो, त्याची मुदत निकालानंतर ३० दिवस. सदस्य जमवायच्या आधी एक चार्टर्ड अकाउंटंट गाठा. वक्ते पुष्कळ मिळतील.

राज्य निवडणूक आयोगाकडची वेगळी नोंदणी

दिल्लीची नोंदणी झाली म्हणजे महापालिकेला पक्षाचं नाव लावता येईल, हा समज महागात पडतो. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांसाठी महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाकडे स्वतंत्र नोंदणी लागते आणि तिथेही हिशेब द्यावे लागतात. २०१६ मध्ये या आयोगानं आयकर विवरण आणि लेखापरीक्षित हिशेब न दिल्याबद्दल १९१ पक्षांची नोंदणी रद्द केली. त्यात आमदार निवडून आणलेला एमआयएमही होता. आपला पक्ष लहान आहे म्हणून कोणी पाहत नाही, अशा समजुतीत राहू नका.

निकालानंतर विभागीय आयुक्तांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे होते ती ‘गटनोंदणी’ निराळी. ती निवडून आलेल्या सदस्यांची असते आणि तिच्यामुळे पक्ष अस्तित्वात येत नाही.

नोंदणी टिकवणं आणि यादीतून नाव गेलं तर

नाव, मुख्य कार्यालय, पत्ता किंवा पदाधिकारी बदलले की ते विनाविलंब आयोगाला कळवण्याचं बंधन कलम २९-अ (९) मध्ये आहे. कार्यालय दुसऱ्या गल्लीत गेलं तरीही. २०२२ मध्ये आयोगानं नोंदलेल्या पत्त्यांवर प्रत्यक्ष पडताळणी केली आणि जे पक्ष तिथे सापडलेच नाहीत त्यांना यादीतून काढलं. २०२५ मध्ये सलग सहा वर्षं एकही निवडणूक न लढवलेल्यांवर पाळी आली. ऑगस्टमध्ये ३३४ आणि सप्टेंबरमध्ये ४७४ पक्ष यादीबाहेर गेले.

यात कायद्याचा एक पेच आहे. नोंदणी रद्द करण्याचा सर्वसाधारण अधिकार कलम २९-अ मध्ये आयोगाला दिलेला नाही. २००२ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तीनच अपवाद मान्य केले: नोंदणी फसवणुकीनं मिळवली असेल, पक्षानं घटना बदलून संविधानावरची निष्ठाच सोडली असेल किंवा सरकारनं पक्षाला बेकायदा ठरवलं असेल. म्हणून आयोग ‘रद्द’ न म्हणता ‘यादीतून वगळणं’ म्हणतो. हा फरक न्यायालयात किती टिकतो ते कळेलच. तोवर आपल्या हातात आहे ते हे: कारणे दाखवा नोटीस आली तर मुदतीत उत्तर द्या, सुनावणीला पदाधिकारी स्वतः हजर राहा, लढवलेल्या प्रत्येक निवडणुकीतल्या फॉर्म ब ची प्रत आणि निकालपत्र फाइलमध्ये ठेवा. नाव वगळल्याचा आदेश निघालाच, तर २०२५ च्या आदेशांत दिल्याप्रमाणे ३० दिवसांत आयोगाकडेच अपील करता येतं. ते दिवस आदेशाच्या तारखेपासून धरून चला, टपाल हातात पडल्यापासून नको.